पॉइंट तुमचे, उधारी आमच्या नावावर

प्रति,
दुकानदारांसाठी ‘लॉयल्टी’ची, म्हणजे गिऱ्हाईक टिकवायला पॉइंट देणारी, अ‍ॅप बनवणाऱ्या सर्व नव्या कंपन्यांचे चालक-मालक यांस,

स. न. वि. वि.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आमचं पोळीभाजी केंद्र आहे. सासूबाईंनी घरच्या ओट्यावर सुरू केलं, पुढे मी आणि जाऊबाईंनी शेजारचा गाळा घेतला. सहा बायका पोळ्या लाटतात, दोघी भाज्या बघतात, गल्ल्यावर मी. कामाच्या दिवशी सातशेच्या आसपास पोळ्या जातात. संध्याकाळी साडेसहा ते नऊ आमचा खरा धंदा. फास्ट लोकल आली की पाच-सात मिनिटांत दारात रांग लागते आणि पुढची लोकल येईपर्यंत ओसरते. हे आधी सांगते, कारण तुमची माणसं नेमकी पावणेआठला येतात.

गेल्या दोन-अडीच वर्षांत पाच कंपन्यांची मुलं येऊन गेली. सगळी चांगल्या घरची, पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. पहिल्या वाक्यात ‘मॅडम’, पैशांचं बोलणं निघालं की ‘ताई’, आणि मी नाही म्हटलं की ‘काकू, एक महिना फुकट वापरून तर बघा’. पाचपैकी तिघांचं मी वापरून बघितलं. म्हणजे न बघता नावं ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. उलट पहिल्या वेळी मला कौतुकच वाटलं होतं. गल्ल्याशेजारी टॅब, गिऱ्हाइकाने मोबाईल नंबर टाकायचा, बिल झालं की पॉइंट जमा. शंभर रुपयांना पाच पॉइंट, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. रंगीत, सुटसुटीत. फक्त कणकेचा हात लागला की त्या पडद्याला काही कळायचं नाही, आणि आमच्याकडे कणकेचा हात कुणाचा नसतो?

आता हिशोब. नेहमीचं बिल धरा १२० रुपये, म्हणजे सहा पोळ्या आणि पाव किलो भाजी. त्यातून कणीक, तेल, भाजी, गॅस, बायकांचे पगार, गाळ्याचं भाडं वजा केलं की चांगल्या दिवशी हातात अठरा रुपये राहतात. तुमचा मुलगा म्हणाला, ‘ताई, फक्त पाच टक्के द्यायचे.’ बिलाचे पाच टक्के म्हणजे सहा रुपये. अठरातले सहा गेले म्हणजे माझ्या शिलकीचा तिसरा हिस्सा गेला. ‘फक्त पाच टक्के’ आणि ‘तिसरा हिस्सा’ हा एकच आकडा आहे, तुम्ही कुठल्या टोकाने बघता एवढाच फरक. शिवाय तुमचं महिन्याचं भाडं वेगळं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या प्रत्येक जाहिरातीचे पैसे वेगळे. ते व्हॉट्सअ‍ॅपवाले घेतात, तुम्ही नाही, हे मला कळतं. पण आठवड्याला दोन संदेश पाठवायचेच असं ठरवून दिलं होतं ते तुम्ही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट कबूल करते. कार्ड-शिक्क्यांत दम असतो. माझी भाची मार्केटिंग शिकलेली आहे. तिने मला अमेरिकेतल्या गाड्या धुण्याच्या दुकानातला एक प्रयोग सांगितला, २००६ साली तो छापून आला होता. काही लोकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. कोऱ्या कार्डवाले १९ टक्के शेवटपर्यंत आले, दोन शिक्के फुकट मिळालेले ३४ टक्के. सुरुवात झालेली आहे असं वाटलं की माणूस पुरं करतो. आमच्याकडे श्रावणी सोमवारचं तसंच असतं, पहिला धरला की शेवटचा सुटत नाही. तेव्हा ही विद्या खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. गाडी धुणं माणूस टाळू शकतो, पुढच्या महिन्यावर ढकलू शकतो. रात्रीचं जेवण कसं ढकलणार? माझ्याकडे सव्वासातला येणारी बाई पॉइंटसाठी येत नाही. तिच्या घरी दोन मुलं आणि सासरे ताटावर बसायचे असतात म्हणून येते.

गणपतीत तुमच्या दुसऱ्या कंपनीने काय केलं ते ऐका. डोंबिवलीतली निम्मी माणसं गणपतीला कोकणात. चतुर्थीच्या दोन दिवस आधी दुकान ओस पडतं आणि गौरी-गणपती विसर्जन करून माणसं परतली की पुन्हा भरतं. हे दरवर्षीचं आहे, आम्ही त्या दिवसांत बायकांना सुट्ट्या देतो. तुमच्या यंत्रात नियम होता की दहा दिवस आला नाही तर ते ‘गमावलेलं गिऱ्हाईक’. झालं. सावंतवाडीत आणि गुहागरात आरत्या म्हणत बसलेल्या लोकांना फोनवर निरोप गेले, ‘तुमची खूप आठवण येते! परत या, २० टक्के सूट.’ माणसं परत आली. ती येणारच होती, घर इथे आहे त्यांचं. चौऱ्याण्णव जणांनी ते कूपन दाखवलं. १२० रुपयांवर वीस टक्के म्हणजे चोवीस. माझी शिल्लक अठरा, म्हणजे प्रत्येक बिलामागे मी सहा रुपये पदरचे घातले. आणि महिनाअखेर तुमचा अहवाल आला, वर हिरवी खूण: ‘अभिनंदन! तुम्ही ९४ ग्राहक परत मिळवले.’

जाऊबाई म्हणाल्या, ‘फ्रेम करून लावूया.’

तुमच्या सगळ्या अहवालांचं हे असंच आहे. नंबर टाकलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं प्रत्येक बिल तुमच्यामुळे झालं असं तुम्ही धरता. अठरा वर्षं येणारे जोशीकाका एकदा नंबर सांगून बसले, तेव्हापासून त्यांच्या चार पोळ्या तुमच्या खात्यात. भाचीने यावर साधा उपाय सांगितला. दहा जणांतल्या एकाला मुद्दाम काहीच पाठवायचं नाही, सूट नाही, निरोप नाही, आणि तीन महिन्यांनी बघायचं की बाकीचे नऊ त्याच्यापेक्षा किती जास्त आले. जो फरक निघेल तो तुमचा. मी हे तुमच्या मुलाला विचारलं. तो हसून म्हणाला, ‘काकू, असा ऑप्शन सिस्टिममध्ये नाहीये.’ का नाहीये, ते मला पोळ्या मोजता मोजता समजलं.

हे झालं पैशांचं. ते नुकसान माझं मी सोसलं असतं, पत्र लिहिलं नसतं. पत्र लिहायला बसले ते पहिल्या कंपनीमुळे, जी बंद पडली तिच्यामुळे.

एका गुरुवारी ईमेल आला. इंग्रजीत होता, माझ्या मुलाने वाचून दाखवला. कंपनी ‘नव्या दिशेने’ जाणार, सेवा तीस दिवसांत बंद, आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार. कंपनीच्या मुलाचा फोन लागेना, नंतर कळलं त्यालाही त्याच दिवशी काढलं होतं. मी गिऱ्हाइकांची यादी मागितली. चार ईमेलांनंतर एक पीडीएफ आली, त्यात प्रत्येक नंबरातले मधले सहा आकडे फुल्या मारून झाकलेले. कारण विचारलं तर उत्तर आलं, ‘ग्राहकांच्या गोपनीयतेसाठी.’ माझ्या गल्ल्यावर, माझ्यासमोर उभं राहून, मला सांगितलेले नंबर माझ्यापासूनच गोपनीय.

तिसाव्या दिवशी टॅब उघडेना. एकतिसाव्या दिवशी एक मुलगी आली, नेहमीची, पलीकडच्या गल्लीत चार जणी खोली घेऊन राहतात त्यातली. ‘काकू, माझे १४० पॉइंट होते, आज संपवते.’ मी काय सांगू तिला? कंपनी बुडाली? तिला कंपनीचं नावही माहीत नव्हतं. तिच्या लेखी ते पॉइंट माझे होते. टॅबवर माझ्या दुकानाचं नाव होतं, माझा फोटो होता, खाली बारीक अक्षरात तुमचं नाव. तिला मी एकशेचाळीस रुपयांच्या पोळ्या-भाजी दिली.

त्या रात्री नवी शंभरपानी वही काढली. बंद पडण्याआधी माझ्या मुलाने गंमत म्हणून पडद्याचे फोटो काढून ठेवले होते, त्यावरून आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी सांगण्यावरून नावं लिहीत गेले. २३७ नावं, ११,४०० रुपये. चार महिन्यांत थोडं थोडं करून फेडलं. दोन-तीन जणांनी जास्त सांगितलं असेल, असू दे.

ती वही लिहिताना माझ्या लक्षात आलं की हे मी आधी केलेलं आहे. सासूबाईंच्या काळात उधारीची वही होती, गिऱ्हाईक आम्हाला देणं लागायचं. ही तीच वही, फक्त उलटी. इथे मी गिऱ्हाइकांना देणं लागत होते. पॉइंट म्हणजे बक्षीस नव्हे हो, पॉइंट म्हणजे दुकानदाराने घेतलेली उधारी आहे. आणि ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. विमान कंपन्यांनी १९८१ पासून प्रवाशांना मैल वाटायला सुरुवात केली, आज त्यांच्या ताळेबंदात न वापरलेले मैल देण्याच्या बाजूला बसतात. मोठ्या दुकानांनाही हिशोबाच्या नियमांनी तसंच दाखवावं लागतं. मला टॅब लावून देताना हे कुणी सांगितलं नाही. उलट तुमचा मुलगा डोळा बारीक करून म्हणाला होता, ‘ताई, बरेचसे पॉइंट कुणी वापरतच नाही.’ म्हणजे गिऱ्हाईक विसरेल याच्यावर मी धंदा करायचा. आमच्याकडे एखाद्याचे दोन रुपये सुट्टे द्यायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी तो यायच्या आत आम्ही ते बाजूला काढून ठेवतो.

कंपन्या बंद पडतात, विकल्या जातात, हे मी समजू शकते. या धंद्यात तर ते नेहमीचंच दिसतं. २०११ साली शिकागोत बेली नावाची कंपनी निघाली, दुकानाच्या गल्ल्यावर आयपॅड ठेवून पॉइंट द्यायची. मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी पैसे ओतले, २०१८ मध्ये ती दुसऱ्याने घेतली. २०११ मध्येच निघालेली तशीच फाइव्हस्टार्स २०२१ मध्ये सम-अप या पैसे देण्याघेण्याच्या कंपनीने ३१ कोटी ७० लाख डॉलरना घेतली. आपल्याकडे आय-मिंटचं पॉइंटचं कार्ड होतं, ते पुढे पेबॅक झालं, पेबॅक २०२१ मध्ये भारतपेने घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचं झिलियन झालं. एका कार्डाची तीन नावं. २००८ पासून टिकलेली बंगळुरूची कॅपिलरीसारखी कंपनीही आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती शेअर बाजारात आली. पण ती मोठ्या साखळी दुकानांचं काम करते, माझ्या ओट्यावर कुणी त्यांचं येणार नाही. माझ्याकडे येता ते तुम्ही, ज्यांना पुढच्या दिवाळीला आपण असू की नाही हे माहीत नसतं. असूद्या. मलाही धंद्याच्या पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. फरक एवढाच की माझं दुकान बंद पडलं असतं तर शेजारच्या किराणावाल्याच्या डोक्यावर माझं देणं आलं नसतं.

आणि तुम्ही विकले जाता तेव्हा घेणारा काय विकत घेतो? टॅब? ते तर दोन वर्षांत भंगारात जातात. तो आमच्या गल्ल्यावर गोळा झालेले नंबर घेतो, कोण किती वाजता येतं, किती पोळ्या नेतं ते घेतो. त्या किमतीत माझ्या दुकानाचा वाटा किती, हा प्रश्न मी विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे.

तिसऱ्या कंपनीचं थोडक्यात सांगते. त्यांचे पॉइंट अनेक दुकानांत चालायचे, ती कल्पना मला आवडली होती. एक दिवस माझ्याच गिऱ्हाइकाने फोन पुढे केला. माझ्याकडून पोळ्या घेऊन तो दहा पावलं गेला आणि अ‍ॅपने त्याला सांगितलं, ‘तुमच्या जवळ: पोळीभाजी, पहिल्या ऑर्डरवर ३० टक्के सूट.’ दुकान दोन चौक पलीकडचं. त्या दुकानदाराशी माझं भांडण नाही, त्याने पैसे भरले होते. पण माझ्या गिऱ्हाइकाचा पत्ता त्याला माझ्याच पैशांनी कळला. दुसऱ्या दिवशी टॅब खोक्यात भरला.

आता कायद्याचं. माझा मुलगा सीएकडे काम करतो, त्याने समजावलं. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि दुकानदाराला लागू होणाऱ्या बहुतेक अटी त्यानंतर अठरा महिन्यांनी सुरू होतील. त्यात माहिती कशासाठी गोळा करायची हे जो ठरवतो त्याच्यावर जबाबदारी असते. माझ्या दुकानाच्या नावाने नंबर घेतला तर ती जबाबदारी माझ्या गळ्यात, तुम्ही माझ्या सांगण्यावरून काम करणारे. तुमच्याकडून नंबर फुटले तरी आधी मला विचारणार, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी लिहिलेली आहे. माझ्या गाळ्याला कुणी २५० कोटी लावणार नाही हे मलाही कळतं. पण तुमच्या करारात पान अकरावर ‘ग्राहकांच्या संमतीची संपूर्ण जबाबदारी व्यापाऱ्याची’ असं वाक्य होतं, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. त्याच कायद्यात असंही आहे की गिऱ्हाइकाला सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी त्यात आहे. तुमच्या तिघांच्याही टॅबवर मराठी नव्हती. पंधरा सेकंदांत पैसे जमा झाल्याचं मराठीत ओरडून सांगणारा साउंडबॉक्स माझ्या गल्ल्यावर कधीचा आहे, म्हणजे जमत नाही असं नाही.

शिवाय केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानांना बजावलं होतं की मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असा हट्ट धरू नका. आमच्याकडे एक गृहस्थ रोज चिडायचे, ‘नंबर कशाला? मी पोळ्या न्यायला आलोय, लग्न जमवायला नाही.’ रांगेतली माणसं हसायची. त्यांचं बरोबर होतं.

इतकं बोलले तर मला काय हवंय तेही सांगते, नाहीतर म्हणाल काकूंना नवं काही नकोच.

मला गिऱ्हाईक परत आणून नकोय. रोज संध्याकाळी पाच वाजता मला एकच गोष्ट कळायला हवी: आज पोळ्या किती लाटू? पाऊस पडून गाड्या बंद पडल्या तर चाळीस-पन्नास पोळ्या उरतात. संकष्टीला भाजी उरते, थालीपीठ आणि खिचडी कमी पडते. शनिवारी कार्यालयं अर्धी असतात, रविवारी घरोघरी मटण-चिकन, मग पोळ्या जास्त आणि भाजी कमी. हे सगळं माझ्या डोक्यात आहे, पण डोकं चुकतं, आणि चुकलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी फोडणी घालून आम्ही बायका खातो. कुणी असं काही बनवलं, की ठाण्याला गाडी सुटली की माणसाने फोनवर ‘सहा पोळ्या, बटाटा भाजी पाव किलो’ एवढं कळवावं आणि ते माझ्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत दिसावं, तर त्याला मी पॉइंटवाल्यांपेक्षा दुप्पट पैसे देईन. नंबर न घेता जमलं तर तिप्पट. तुम्ही पाचही जण एकमेकांशी स्पर्धा करताय ती जाहिरातीचे निरोप कोण जास्त पाठवतो यात. हे मात्र एकानेही विचारलं नाही.

आणि पॉइंटच विकायचे असतील तर माझ्याशी करार करताना इतकं लिहून द्या. गिऱ्हाइकांची पूर्ण यादी आणि प्रत्येकाच्या नावावरचे पॉइंट मला कधीही, एका बटणाने, फुल्यांशिवाय काढता यावेत. रोज रात्री दुकान बंद करताना पडद्यावर एक आकडा दिसावा, ‘आज तुमचं देणं इतकं’, आजच्या विक्रीच्या आकड्याच्या शेजारी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. माझ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाची जाहिरात दाखवायची असेल तर आधी मला विचारा. आणि तुम्ही बंद पडलात किंवा विकले गेलात तर तोवर साठलेल्या पॉइंटांपैकी निदान निम्मे पैसे तुमच्याकडून, त्यासाठी महिन्याच्या भाड्यातला काही हिस्सा आधीपासून बाजूला ठेवा. गुंतवणूकदार ऐकणार नाहीत म्हणाल. मग त्यांना माझी वही दाखवायला घेऊन या, ती अजून गल्ल्याखालच्या खणात आहे.

बोलायचं असेल तर मंगळवारी दुपारी तीन ते पाच या, तेव्हा चहा असतो आणि मला वेळ असतो. पावणेआठला आलात तर रांगेत उभे राहा, पोळ्या घ्या आणि जा.

आपली,
गल्ल्यावरची काकू
डोंबिवली पूर्व